रेप्लिकेशन: प्रत, नक्कल की प्रतिकृती?

प्रश्न असा आहे: 'डिले-टॉलरंट नेटवर्क' (सलग जोडणी नसताना संदेश साठवून, भेट होईल तसा पुढे देणारे जाळे) यावरच्या मराठी लेखात 'रेप्लिकेशन'ला, म्हणजे एकच संदेश अनेक ठिकाणी ठेवण्याला, 'प्रतिकृतीकरण' म्हणावे का, आणि 'डिले-टॉलरंट'ला 'विलंब-सहिष्णू' चालेल का?

प्रतिकृती किल्ल्याची करतात. ती मुळासारखी दिसली की झाले. नक्कल तलाठ्याकडून घेतात, नाहीतर रंगमंचावर करतात. इथे संदेश बिटागणिक तोच राहतो आणि तो किती ठिकाणी आहे हे मोजावे लागते. म्हणून 'प्रत'. प्रत काढणे, देणे, पुसणे ही क्रियापदेही आयती मिळतात.

एका ठिकाणी मात्र 'प्रत'ही फसवते. स्पायरोपोलस, सौनिस आणि राघवेंद्र यांनी 2005 मध्ये मांडलेली 'स्प्रे अँड वेट' पद्धत पाहा. 'नोडकडे (जाळ्यातल्या एका उपकरणाकडे) 8 प्रती असतात, भेटेल त्याला तो निम्म्या देतो' असे लिहिले की वाचकाला वाटते, 4 प्रती हवेतून गेल्या. प्रत्यक्षात जाते एकच, सोबत 4 हा आकडा: तुझ्या वाट्याच्या प्रती एवढ्याच. देणाऱ्याकडेही एक प्रत आणि 4 उरतात. आकडा 5 असेल तर 2 द्यायचे, 3 ठेवायचे. 1 उरला की वाटप बंद. मग ज्याच्यासाठी संदेश आहे त्याचीच गाठ पडेपर्यंत थांबायचे. या आकड्याला 'कोटा' म्हणावे. शब्दाचा हा गोंधळ प्रोग्रॅममध्ये उतरला, तर एकच संदेश चारदा साठवला जातो, बफर (संदेश साठवायची जागा) भरतो आणि इतरांचे संदेश गळतात. देताना स्वतःचा कोटा निम्मा करायचा राहिला तर 8 ची मर्यादाच उरत नाही. मग ते वाहदत आणि बेकर यांच्या 2000 सालच्या 'एपिडेमिक'सारखे होते: ज्याच्याकडे नाही त्या प्रत्येकाला प्रत. तिथे रोगाची असते तशी 'साथ' हा शब्द चपखल आहे.

सहिष्णू माणसे असतात. वस्तूंसाठी '-सह' आहेच. मराठी विश्वकोशात 'उच्चतापसह पदार्थ' अशी नोंद आहे. म्हणून 'विलंबसह'. धोका एकच, मुद्रितशोधकाचा: तो सामान्यरूप करून 'विलंबासह' करील आणि नेटवर्क उशिरा'सकट' येईल. समासात 'विलंब'च राहतो.

नेटवर्कवरच्या 'ट्रॅफिक'ला रहदारीपेक्षा वाहतूक बरी, कारण इथे डेटा कधी खरोखरच वाहून नेला जातो. कर्नाटकातल्या दोड्डबळ्ळापूर तालुक्यात 'डाकनेट'च्या प्रयोगात बस गावोगावचा डेटा वाय-फायने उचलून पुढे वाहून नेई.