रिपोर्ट चांगला, मग किडे कुठे गेले?

प्रश्न: आमचा ओढा द्राक्षबागांमधून वाहतो. पाण्याचा लॅब रिपोर्ट चांगला आलाय, ऑक्सिजनही भरपूर. तरी दगडांखालचे तीन शेपट्यांचे किडे दिसेनासे झालेत. गोगलगायी आणि जळवा मात्र आहेत. नेमकं काय बिघडलंय, हे यावरून कळेल का? – एक वाचक, निफाड तालुका

उत्तर: बरंचसं कळेल. गोगलगायींचं लिहिलंत ते फार बरं केलंत.

तीन शेपट्यांचे किडे म्हणजे मेफ्लाय या उडणाऱ्या कीटकाची पाण्यात वाढणारी पिल्लं. पोटाच्या दोन्ही कडांना पानांसारखे कल्ले, सारखे हलणारे. सांडपाण्याने ऑक्सिजन उतरला की ती लवकर जातात आणि चिखलात लाल अळ्या माजतात. या अळ्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या कमी ऑक्सिजनमध्येही तगतात. तुमचा ऑक्सिजन ठीक आहे, पण तो पहाटे मोजा. शेवाळामुळे दुपारचा आकडा फुगतो.

गोगलगायी आणि जळवा तगल्या, किडे तेवढे गेले, म्हणून मला संशय कीटकनाशकाचा आहे. ते पावसाच्या सरीबरोबर ओढ्यात उतरतं आणि लवकरच वाहून जातं. बाटली भरता त्या दिवशी पाणी निर्मळ. किड्यांवर मात्र खूण राहते. जर्मनीतल्या लाइपझिगचे संशोधक मथियास लीस आणि पेटर फॉन डेर ओहे यांनी २००५ मध्ये याच आधारावर ‘स्पिअर’ निर्देशांक मांडला. त्यात प्रत्येक जीवाचे गुण बघतात: विषापुढे किती नाजूक, पिढी किती काळाने, फवारणीच्या दिवसांत पाण्यात असतो का, दुसरीकडून परत येऊ शकतो का. वर्षाला एकच पिढी असलेला कीटक हंगामात मेला, की तो ओढा पुढे बराच काळ त्याच्याविना राहतो. २०१८-१९ मध्ये जर्मनीतल्या शंभराहून अधिक ओढ्यांची पाहणी झाली, तेव्हा सखल भागातल्या नाजूक कीटकांवर सर्वांत मोठा ताण कीटकनाशकांचाच निघाला.

तिथले आकडे इथे जसेच्या तसे लावू नका. आपल्या उबदार पाण्यात पिढ्या भराभर होतात, शिवाय पावसाळ्यातला पूर तळ धुऊन नेतो. म्हणून तुलना त्याच ओढ्याशी करा: बागांच्या वर आणि बागांच्या खाली, सारखाच खडकाळ, वाहता तुकडा, एकाच दिवशी. वर मेफ्लाय असतील आणि खाली नसतील, तर संशय पक्का होत जातो. खाली गोगलगायीही कमी असतील तर बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकातलं तांबं तपासून घ्या. तांबं त्यांना फार बाधतं. गाळही बघाच, दगडांखालच्या फटी बुजल्या असतील तर कीटकनाशक नसतानाही मेफ्लाय जातात.

पाण्याचा नमुना पुन्हा द्यायचा असेल तर गोडी छाटणीनंतर (द्राक्षवेलीची फळासाठीची छाटणी) फवारण्या सुरू झाल्या की पहिला जोराचा पाऊस पडेल, तेव्हा ओढा गढूळ वाहत असतानाच बाटली भरा. आणि लॅबला कीटकनाशकांची चाचणी हवी असं आधीच सांगा. नेहमीच्या रिपोर्टात ती नसते.