सुवार्ता (येशू ख्रिस्ताचा शुभसंदेश) सांगणे हे केवळ पाळक (मंडळीचे धर्मगुरू) आणि मिशनरी यांचेच काम आहे का?

नाही, ख्रिस्ताचा शिष्य म्हणवणाऱ्या प्रत्येकावर सुवार्ता सांगण्याची जबाबदारी आहे. याचा सर्वांत स्पष्ट आधार प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात मिळतो: पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन याच्या हत्येनंतर यरुशलेममधील मंडळीचा, म्हणजे ख्रिस्ती समुदायाचा, छळ सुरू झाला, तेव्हा प्रेषित (येशूने निवडलेले प्रमुख शिष्य) तिथेच राहिले आणि जे पांगले, म्हणजे बहुतांशी कोणतेही पद नसलेली सामान्य माणसे, तीच वचन सांगत यहूदीया व शोमरोनभर फिरली. मत्तय 28:19 मधील ‘जाऊन सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा’ या येशूच्या आज्ञेतही मूळ ग्रीक वाक्याचे मुख्य क्रियापद ‘शिष्य करा’ हे आहे. ‘जाणे’ त्याच्या ओघात येते, म्हणजे ही आज्ञा केवळ दूर जाणाऱ्या मिशनऱ्यांपुरती नाही. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ उभारला, तो मला याच जाणिवेचा मराठी आविष्कार वाटतो. मात्र इफिसकरांस पत्र 4:11 नुसार ‘सुवार्तिक’ हे काहींनाच मिळालेले दान आहे, त्यामुळे प्रत्येकाने चौकात उभे राहून उपदेश करावा असा याचा अर्थ होत नाही; कोणी विचारल्यास आपल्या आशेचे कारण सौम्यतेने व आदराने सांगण्याची तयारी ठेवावी, इतकीच अपेक्षा पेत्राचे पहिले पत्र (3:15) सर्वांकडून करते.