तीन दिवस रखडलेला निकाल

प्रश्न : अमेरिकेतील स्टॉक कार शर्यतींविषयी मुलाशी बोलताना कळले, की १९५९ सालच्या पहिल्या ‘डेटोना ५००’ शर्यतीचा निकाल तीन दिवसांनी लागला होता. गाड्या हजारो प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत अंतिम रेषा ओलांडून गेल्या असताना एवढा वेळ का लागावा? त्यात काही काळेबेरे तर नव्हते ना? — एक वाचक, नेरूळ

उत्तर : आपल्या चिरंजीवांची माहिती बरोबर आहे. शर्यत रविवारी, २२ फेब्रुवारी १९५९ रोजी झाली आणि अंतिम निकाल सुमारे ६१ तासांनी, बुधवारी जाहीर झाला.

फ्लोरिडातील डेटोना येथे त्याआधी या शर्यती समुद्रकिनाऱ्याची वाळू आणि लगतचा रस्ता मिळून होणाऱ्या मार्गावर होत. स्टॉक कार शर्यती भरवणाऱ्या नॅसकार या संस्थेचे प्रमुख बिल फ्रान्स यांनी तेथे अडीच मैलांची नवी धावपट्टी बांधली आणि तिची वळणे ३१ अंशांनी कलती ठेवली. कोकणातल्या कौलारू घराचे छप्पर साधारण तेवढेच उतरते असते; तशा उतारावरून गाड्या पूर्ण वेगाने, एकमेकींच्या बाजूबाजूने धावू शकत होत्या. पहिल्याच ५०० मैलांच्या शर्यतीत ५९ गाड्या उतरल्या. त्या दिसायला बाजारात मिळणाऱ्या मॉडेलांसारख्याच होत्या, आणि त्यांत बिनछपराच्या गाड्याही होत्या. शर्यत एकदाही थांबवावी किंवा मंदावावी लागली नाही आणि विजेत्याचा सरासरी वेग ताशी १३५.५ मैल, म्हणजे सुमारे २१८ किलोमीटर पडला.

शेवटच्या, म्हणजे २००व्या फेरीच्या अखेरीस ली पेटी यांची ओल्ड्समोबिल आणि जॉनी बोशँप यांची फोर्ड थंडरबर्ड जोडीने रेषेवर आल्या. नेमकी त्याच क्षणी जो वेदरली यांची शेव्हरोलेही त्यांच्या बरोबरीने होती. वेदरली फेऱ्यांच्या हिशेबात मागे असल्याने विजेतेपदाशी त्यांचा संबंध नव्हता. पण पाहणाऱ्यांना एकाच वेळी तीन गाड्या दिसल्या आणि गोंधळ वाढला. रेषेजवळ असलेल्या फ्रान्स यांनी बोशँप यांना तात्पुरते विजेते ठरवले, त्यांचा सत्कारही झाला, आणि पेटी यांनी लगेच हरकत घेतली.

आता ‘डोळ्यांदेखत’ या आपल्या मुद्द्याकडे येऊ. वर दिलेल्या सरासरी वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे ६० मीटर जाते. दोन गाड्यांत दोन फुटांचे अंतर असेल, तर ते कापायला सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. शिवाय रेषेच्या अगदी सरळ समोर उभा नसलेला माणूस तिरप्या नजरेने पाहतो, आणि तिरप्या नजरेला कधी जवळची, तर कधी पलीकडची गाडी पुढे असल्याचा भास होतो. छायाचित्रांचीही तीच अडचण : कॅमेरा रेषेच्या थोडा अलीकडे किंवा पलीकडे असला, किंवा बटण क्षणभर आधी दाबले गेले, की पुरावा संशयास्पद होतो. म्हणून फ्रान्स यांनी वर्तमानपत्रांच्या छायाचित्रकारांकडून चित्रे मागवली. अखेर ज्यावर निकाल टेकला, ते वृत्तपटाचे चित्रण होते. चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाआधी दाखवला जाणारा वृत्तपट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ती फिल्म धुऊन, मिळवून, पाहायला वेळ लागतो हे सांगायला नको. त्या चित्रणात पेटी पुढे दिसले आणि विजेतेपद त्यांना मिळाले.

काळेबेरे होते असे मला वाटत नाही. ज्याला आधी विजेता म्हटले, त्याच्याविरुद्ध निर्णय फिरवणे आयोजकांना सोयीचे नव्हते. तीन दिवस वर्तमानपत्रांत गाजत राहिल्याने नव्या धावपट्टीची आयतीच जाहिरात झाली, हे मात्र खरे. माझा आक्षेप वेगळा आहे. घोड्यांच्या शर्यतींत फोटो-फिनिशचा कॅमेरा तोवर रुळलेला होता. एवढी खर्चिक धावपट्टी बांधणाऱ्यांनी तो रेषेवर बसवलेला नसावा, ही हलगर्जीच. क्रिकेटमध्येही धावबादसाठी तिसरा पंच १९९२ साली डर्बनला आला, आणि त्याच्या निर्णयाचा पहिला बळी आपला सचिन तेंडुलकर होता.

प्रश्न : हे पेटी म्हणजे प्रसिद्ध रिचर्ड पेटी यांचे वडील का? पुढे या दोघा प्रतिस्पर्ध्यांची गाठ पडली का? — एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे

उत्तर : होय, ली हे रिचर्ड यांचे वडील. २१ वर्षांचे रिचर्ड त्याच शर्यतीत बिनछपराच्या ओल्ड्समोबिलमध्ये होते, परंतु इंजिन निकामी झाल्याने लवकरच बाहेर पडले. गाठ पडली ती दुर्दैवी ठरली. १९६१ साली डेटोनाच्या पात्रता शर्यतीत ली आणि बोशँप यांच्या गाड्या एकमेकींना धडकून कठड्यावरून धावपट्टीबाहेर गेल्या. ली गंभीर जखमी झाले आणि त्यानंतर ते मोजक्याच शर्यती धावले. रिचर्ड यांनी मात्र ‘डेटोना ५००’ सात वेळा जिंकली. त्यातली पहिली १९६४ सालची.