कमी बजेटमध्ये परफॉर्मन्स कारसाठी कोणता एक्झॉस्ट हेडर घ्यावा?

इंजिन बाकी स्टॉक, म्हणजे कंपनीतून आलं तसंच आहे, तर स्वस्तातला स्टेनलेस हेडर (इंजिनमधून जळालेला वायू बाहेर नेणारा पाइपांचा संच) घ्यावा की त्याच पैशात नीट बनवलेला माइल्ड स्टीलचा, असं तुम्ही विचारलंय. मी दुसरा घेईन. धातूच्या नावावर जाऊ नका, आधी फ्लँज (हेडर इंजिनला बोल्टने बसतो ती सपाट पट्टी) आणि वेल्डिंग बघा.

फ्लँज साधारण 10 मिमी जाड हवा. पातळ फ्लँज तापून वाकतो, गॅस्केट लीक होतं आणि थंड इंजिन सुरू केलं की टकटक ऐकू येते. मग फ्लँजच्या पोर्टमध्ये, म्हणजे वायू जायच्या भोकात, बोट घालून फिरवा. वेल्डचा उंचवटा आत आला असेल, तर वायूचा प्रवाह तिथेच अडतो. कलेक्टरमध्ये सगळे पाइप मिळतात तिथे मधोमध बारीक भोक राहिलंय का, तेही टॉर्च मारून पाहा. ऑक्सिजन सेन्सरची जागा मूळच्यासारखीच असावी.

जाड पाइप म्हणजे जास्त पॉवर, हा गैरसमज आहे. स्टॉक इंजिनवर त्याने वायूचा वेग पडतो आणि खालच्या आरपीएमचा टॉर्क जातो. चार सिलिंडरची गाडी रोज रस्त्यावर चालवायची असेल, तर 4-2-1 (चार पाइप आधी दोन आणि मग एक होतात तो) हेडर घ्या. 4-1, म्हणजे चारही पाइप थेट एकात मिळतात तो, वरच्या आरपीएमलाच खुलतो.

माइल्ड स्टील सिरॅमिक कोटिंगचं घ्या, पण त्यावर एक्झॉस्ट रॅप (उष्णता अडवणारी कापडी पट्टी) गुंडाळू नका; ओल धरून पाइप सडतो. चांगलं गॅस्केट, नवे स्टड आणि ट्यूनिंग यांचे पैसे आधीच बाजूला काढा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले घातक वायू कमी करणारा भाग) काढावा लागणारा हेडर रस्त्यावरच्या गाडीला लावूच नका.