इटालियन ‘ज्याल्लो’ला मराठीत ‘पिवळी कादंबरी’ म्हणावे काय?

एका अनुवादक वाचकाने प्रश्न विचारला आहे तो असा: आउगुस्तो दे आंजेलिस या लेखकाच्या एका जुन्या इटालियन कादंबरीचा परिचय मराठीत लिहिताना त्यांनी पहिले वाक्य योजले आहे, “मिलानमधल्या एका बकाल हॉटेलात घडणारी, १९३६ सालची ही अस्सल पिवळी कादंबरी.” मूळ इटालियन परिचयात ‘ज्याल्लो’ हा शब्द असून त्याचा कोशातला अर्थ ‘पिवळा’ असाच आहे, मग मराठीत ‘पिवळी कादंबरी’ म्हटल्यास ते चालेल का, असे त्यांना विचारायचे आहे.

माझे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. पण ते का, हे सांगण्याआधी इटालियन भाषेत रहस्यकथा पिवळी कशी झाली ते पाहणे आवश्यक आहे, कारण या शब्दाचा जन्म नेमका कधी आणि कोठे झाला हे आपल्याला ठाऊक आहे, आणि हे भाग्य फार थोड्या शब्दांच्या वाट्याला येते. मिलानच्या मोंदादोरी या प्रकाशनसंस्थेने १९२९ साली ‘ई लिब्री ज्याल्ली’, म्हणजे शब्दशः ‘पिवळी पुस्तके’, या नावाची मालिका सुरू केली. पहिले पुस्तक व्हॅन डाइन या अमेरिकी लेखकाच्या कादंबरीचा अनुवाद होते. मुखपृष्ठ पिवळेधमक असे, जेणेकरून विक्रेत्याच्या मांडणीवर ते दुरूनही नजरेत भरावे. लोक ‘ते पिवळे द्या’ म्हणून पुस्तक मागू लागले, आणि काही वर्षांतच हे विशेषण नाम होऊन बसले. मग मालिका कोणाची आणि मुखपृष्ठ कोणत्या रंगाचे याला काही महत्त्व उरले नाही; खून, संशयित आणि तपास असला म्हणजे पुस्तक ‘ज्याल्लो’ ठरू लागले. फॅसिस्ट राजवटीला असल्या गुन्हेगारी कथा खपत नव्हत्या आणि १९४१ साली ती मालिका बंद पडली, तरी शब्द मात्र टिकला. युद्धानंतर मालिकाही पुन्हा उभी राहिली. गंमत म्हणजे ज्या मिलानमध्ये हा शब्द घडला, तेथे केशर घालून केलेल्या प्रसिद्ध भातालाही ‘रिझोत्तो ज्याल्लो’च म्हणतात, आणि त्या भातात कोणालाही खुनाचा वास येत नाही. एकाच विशेषणाचे हे दोन संसार इटालियन माणूस सहज वेगळे ठेवतो, कारण पुस्तकाच्या संदर्भात रंगाचा अर्थ त्याच्या मनात आता उमटतच नाही.

मराठीत अडचण नेमकी येथेच आहे. आपल्याकडे पुस्तकाला ‘पिवळे’ हे विशेषण लागले की त्याचा अर्थ आधीच ठरलेला असतो. फुटपाथवरच्या विक्रेत्याकडे पिवळ्या सेलोफेनच्या कागदात गुंडाळून ठेवलेली, गिऱ्हाइकाने इकडेतिकडे पाहत हळू आवाजात मागायची ती पिवळी पुस्तके. मी स्वतः अनेक वर्षांपूर्वी एका वाचनालयात नव्या उत्साहाने “इटालियन पिवळी कादंबरी अनुवादात मिळेल का?” असे विचारले होते, तेव्हा मेजामागच्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहून “तसली पुस्तकं आम्ही ठेवत नाही,” असे ऐकवले होते. त्यांचे काहीच चुकले नव्हते. चूक माझ्या विशेषणाची होती. चिनी भाषेतही पिवळा रंग अश्लीलतेचाच निदर्शक आहे, इंग्रजीने त्यासाठी निळा निवडला आणि ‘ब्लू फिल्म’ आपल्यालाही दिली, तर इटालियन भाषेत तसल्या चित्रपटांना लाल दिव्यांचे चित्रपट म्हणतात. त्यात भर म्हणून ‘पीत पत्रकारिता’, म्हणजे सनसनाटी बातमीदारी, आहे. तो शब्द १८९०च्या दशकातल्या न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रीय स्पर्धेतून, तेथल्या एका पिवळ्या झग्यातल्या व्यंगचित्र-पोरामुळे आलेला आहे, आणि त्याचा ‘ज्याल्लो’शी काडीचाही संबंध नाही. हळदीपासून रेशनकार्डापर्यंत मराठी पिवळ्याला अनेक अर्थ आहेत. त्यांत ‘खुनाचा तपास’ हा अर्थ कोठेच नाही, आणि तो एका परिचयाच्या पहिल्या वाक्याने येणारही नाही.

मग कोणता शब्द वापरावा? पुस्तकासाठी ‘रहस्यकथा’ किंवा ‘रहस्यकादंबरी’ हा शब्द पुरेसा आहे, आणि मला तोच योग्य वाटतो. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक पुस्तके लिहून हा शब्द घराघरांत पोहोचवला, त्यामुळे त्याला ओळख करून देण्याची गरज नाही. ‘हेरकथा’ मात्र मी टाळेन. मराठीतला हेर दोन नोकऱ्या करतो. तो कधी खुनाचा तपास करतो, तर कधी शत्रूच्या देशातून नकाशे पळवतो, आणि वाचकाला नेमका कोणता हेर मिळणार हे त्या शब्दावरून कळत नाही. शिवाय या कादंबरीतला तपास करणारा दे विन्चेन्त्सी हा खासगी हेर नसून मिलानच्या पोलीस दलातला अधिकारी आहे. त्याच्या ‘कोमिस्सारिओ’ या हुद्द्याचे भाषांतर ‘आयुक्त’ असे करण्याचा मोहही आवरावा, कारण आवाज कमिशनरसारखा असला तरी हा माणूस स्वतः पावसात भिजत घटनास्थळी जाणारा आहे. आपल्याकडच्या पोलीस निरीक्षकाशी त्याचे अधिक जुळते.

इटालियन वृत्तपत्रे ‘ज्याल्लो’ हा शब्द प्रत्यक्षातल्या न उलगडलेल्या घटनेसाठीही वापरतात, आणि तेथे ‘रहस्यकथा’ चालत नाही. अमुक गावचा ‘ज्याल्लो’ असा मथळा असला, तर तेथे कोणी कादंबरी लिहिलेली नसते. एखादा मृतदेह सापडलेला असतो आणि कारण कळलेले नसते. या अर्थाला मराठी वृत्तपत्रांकडे तयार शब्द आहे, तो म्हणजे ‘गूढ’. ‘मृत्यूचे गूढ कायम’, ‘गूढ उकलले’ हे मथळे आपण रोज वाचतो, आणि गंमत अशी की ‘गूढ’ हेही मुळात विशेषणच असून पुढे नाम झाले आहे. त्यामुळे एका ‘ज्याल्लो’साठी मराठीत दोन शब्द हाताशी ठेवावेत: छापलेल्याला रहस्यकथा, घडलेल्याला गूढ.

मूळ शब्दच ठेवायचा, असाही एक पक्ष आहे, आणि चित्रपटांविषयी लिहिताना तो मला मान्य आहे. मारिओ बाव्हा, दारिओ आर्जेंतो यांनी १९६०–७०च्या दशकांत काढलेल्या, हातमोजे घातलेल्या मारेकऱ्यांच्या भडक चित्रपटांना जगभर ‘ज्याल्लो’च म्हणतात, आणि त्यांना नुसते ‘रहस्यपट’ म्हटल्यास त्यांतले रक्त फिके पडते. परंतु मग लेखनाचा प्रश्न येतो. इटालियन उच्चारात ‘ज’ तालव्य आहे, म्हणजे ‘जन्म’ मधला. आणि त्यापुढे लिहिलेला ‘इ’ उच्चारला जात नाही, त्यामुळे ‘गिआलो’ किंवा ‘जिआलो’ ही दोन्ही रूपे चुकीची आहेत. ‘जाल्लो’ लिहिले, तर मराठी वाचक तो ‘जावई’ किंवा ‘जाळे’ यांतल्या ‘ज’ने वाचणार. गोव्यातल्या वाचकापुढे एकच ‘ल’ घालून ‘जालो’ लिहिले, तर आणखी निराळी पंचाईत, कारण कोंकणीत ‘जालो’ म्हणजे ‘झाला’; ‘खून जालो’ हे त्याला अगदी पूर्ण वाक्य वाटेल. म्हणून ‘ज्या’ लिहून तालव्य उच्चाराची खूण द्यावी आणि ‘गल्ला’, ‘किल्ला’ यांतल्यासारखा जोड ‘ल’ ठेवावा, म्हणजे ‘ज्याल्लो’. इटालियन अनेकवचन ‘ज्याल्ली’ असे होते, पण मराठीत त्याची गरज नाही. ‘फोटो’ प्रमाणे ‘दोन ज्याल्लो’, ‘ज्याल्लोचा शेवट’ असे चालवावे.

आपल्या वाक्यातला ‘हॉटेल’ हा दुसरा शब्द आपण विचारलेला नाही, तरी त्याविषयीही बोलतो, कारण मला तो ‘पिवळी’इतकाच फसवा वाटतो. कादंबरीचे मूळ नाव ‘लाल्बेर्गो देल्ले त्रे रोझे’ असे आहे. ‘आल्बेर्गो’ म्हणजे मुक्कामाची जागा. मराठीत ‘हॉटेल’ म्हटले की आधी टेबलावर पाण्याचे पेले आदळतात. ‘काल हॉटेलात गेलो होतो’ याचा अर्थ काल बाहेर खाल्ले असाच कोणीही घेईल. राहण्याच्या, त्यातही बऱ्यापैकी बदनाम जागेला आपण ‘लॉज’ म्हणतो. कादंबरीतली जागा पत्ते कुटत दिवस काढणाऱ्या मुक्कामी माणसांची आहे, आणि एका इंग्रज तरुणाचे लटकलेले प्रेत सापडल्यावर त्यांतला प्रत्येक जण काहीतरी लपवू लागतो. अर्थाने ‘लॉज’ अचूक बसतो, पण त्या शब्दाबरोबर एसटी स्टँड, ट्यूबलाइट आणि ‘गरम पाणी सकाळी ६ ते ८’ ही पाटीही येते, आणि कथा घडते ते १९१९चे मिलान पुसले जाते. माझ्या मते कथनात ‘मुक्कामाचे हॉटेल’ असे एकदा स्पष्ट करून पुढे ‘हॉटेल’ ठेवावे, आणि पात्रांच्या तोंडी तुच्छतेने बोलायचे असेल तेव्हाच ‘लॉज’ वापरावा. ‘बकाल’ हे आपले विशेषण मात्र उत्तम आहे. ‘कळकट’ केवळ मळ सांगतो आणि ‘बदनाम’ केवळ लौकिक. ‘बकाल’मध्ये पडझड, दुर्लक्ष आणि थोडी लाज असे तिन्ही आहे. शीर्षकाचे ‘तीन गुलाबांचे हॉटेल’ असे भाषांतर केल्यास फुलदाणीत तीनच गुलाब उरल्यासारखे वाटते. आपल्या पाट्यांवर ‘हॉटेल’ आधी येते, तेव्हा ‘हॉटेल तीन गुलाब’ हे कानाला खऱ्या पाटीसारखे लागते.

तेव्हा आपले वाक्य मी असे लिहीन: “मिलानमधल्या एका बकाल, मुक्कामाच्या हॉटेलात घडणारी, १९३६ साली प्रसिद्ध झालेली ही अस्सल इटालियन रहस्यकादंबरी.” ‘ज्याल्लो’ची हकिगत सांगायचीच असेल, तर ती पुढच्या परिच्छेदात सवडीने सांगावी. मुखपृष्ठ पिवळे ठेवायला माझी अजिबात हरकत नाही; त्यावर सेलोफेन मात्र चढवू नये.