सगळ्या प्राचीन संस्कृती नदीकाठीच का वसल्या?

सगळ्या नाही वसल्या. नाईल, सिंधू, युफ्रेटिस हे मीही शाळेत घोकलंय. धोलावीरा हे हडप्पा काळातलं शहर बघून आलो आणि डोक्यातून ते उतरलं.

कच्छच्या रणातलं खदीर बेट. बारमाही नदी नाही. मनसर आणि मनहर असे दोन ओढे, तेही पावसाळ्यापुरते. हडप्पा काळातल्या लोकांनी दगडी बांध घालून ते अडवले आणि पाणी हौदांत वळवलं. पूर्वेकडचा हौद सुमारे 73 मीटर लांब, 29 मीटर रुंद आणि 10 मीटर खोल, आत उतरायला पायऱ्या.

सोबत थोरले चुलते होते, अण्णा. हौदाकडे त्यांनी धड पाहिलंही नाही. बालेकिल्ल्यातल्या विहिरीपाशी मात्र थबकले. तिथल्या एका दगडावर दोर घासून खाचा पडल्यात. "नाड्यानं खाल्लाय दगड," एवढंच म्हणाले. तरुणपणी मोट हाकलेला माणूस, त्याला गाईड कशाला हवा? मग गाडीत बसेपर्यंत गप्प. मीही गप्प, कारण दोघांनाही आमचीच विहीर आठवत होती.

ती विहीर भावकीची. सातबाऱ्यावर आमचा चार आणे हिस्सा, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. दोन-तीन वर्षांनी उन्हाळ्यात यारी लावून गाळ काढायचा, खर्च हिश्शाप्रमाणे. 2012 च्या दुष्काळात गाळ काढायची वेळ आली आणि अण्णांनीच मोडता घातला. "गाळात पैसे घालण्यापेक्षा बोअर घ्या." मी भांडलो, पण शहरात राहणाऱ्याचं कोण ऐकतो? सगळ्यांनी आपापले बोअर घेतले. आमच्यात साडेचारशे फुटांपर्यंत नुसता फुफाटा उडाला. अण्णांच्या बोअरला दोन वर्षं पाणी टिकलं, म्हणून आपलंच बरोबर होतं असं ते अजून सांगतात. विहिरीत आता बाभळी उगवल्यात.

तर नदीकाठ मिळणं हा नशिबाचा भाग. पाण्यानं माणसाला घडवलं ते वाटणी आणि डागडुजी करायला लावून. गाळ उपसायचा तर माणसं जमवावी लागतात, कोण किती दिवस राबला याचा हिशोब लागतो, चुकारांना दटावणारा लागतो. राज्यकारभार म्हणजे दुसरं काय असतं? सिंधूकाठच्या मोहेंजोदडोतसुद्धा अंदाजे 700 विहिरी होत्या; नदीच्या भरवशावर तेही बसले नव्हते. मेसोपोटेमियात लगश आणि उम्मा ही शेजारची शहरं जमीन आणि कालव्याच्या पाण्यावरून पिढ्यान् पिढ्या भांडली. इ.स.पू. 2500 च्या आसपास लगशच्या राजानं तर आपण जिंकल्याचा दगडच कोरून घेतला. भावकीच ती, फक्त भाले घेतलेली.

इजिप्तपुरतं मात्र तुमचं बरोबर आहे. नाईल नसती तर तिथे वाळूच होती. आणि धोलावीराही शेवटी ओसाड पडलंच, तेव्हा हौद बांधले की कायमचं निभावलं असंही नाही. अण्णा नेमकं ह्यावरच बोट ठेवतात.

असो. धाकटा चुलतभाऊ इथली उत्तरं वाचतो, म्हणून लिहून ठेवतो: यारीवाल्याशी बोलून घे, माझ्या चार आण्यांचे पैसे तयार आहेत. अण्णांना मी सांगतो.