‘अंगावरून जातंय’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : डॉक्टरकाकू, नमस्कार. मी नारायण पेठेत राहते, पहिलटकरीण आहे, ३३ वा आठवडा चालू आहे. पाचव्या महिन्यापासून अंगावरून पांढरं जातंय, आता तर रोज पॅड लावावा लागतो. सासूबाई म्हणतात, एवढं जाणं बरं नाही, हाडं झिजतात. त्या तांदळाचं धुवण प्यायला देतात आणि तुरटीच्या पाण्याने धुवायला सांगतात. आठवडाभर खाजही सुटतेय. परवा शिंकले तर एकदम ओलं झालं, ते पाणी गेलं असेल का? जाऊबाईंना नवव्या महिन्यात शेंबडासारखा गोळा पडला म्हणून रात्री दोन वाजता सगळे धावले, तर ‘अजून वेळ आहे’ म्हणून घरी पाठवलं. त्यावरून त्या अजून बोलणी खातात. माझी तारीख विसर्जनाच्या आसपास आहे. कधी निघायचं आणि कधी थांबायचं, हे कसं ओळखू?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुला ‘तू’च म्हणते, माझ्या सुनेच्या वयाची आहेस. तुझं पत्र हाती आलं त्याच संध्याकाळी मी फोन केला, कारण ३३ व्या आठवड्यात ‘पाणी गेलं असेल का’ हा प्रश्न पुढच्या अंकापर्यंत ठेवता येत नाही. तू लगेच जाऊन तपासून आलीस. पाणी नव्हतं, बुरशी निघाली. बाकीचं तुझ्या परवानगीने सगळ्यांसाठी लिहिते.

‘अंगावरून जातंय.’ पेठेतल्या माझ्या छोट्या दवाखान्यात ३४ वर्षं हे वाक्य ऐकलं, तेही नवऱ्याला बाहेर बसवून, कुजबुजत. आपल्याकडे पाळीही अंगावरून जाते, पांढरंही, आणि पाणमोट, म्हणजे बाळाभोवतीची पाण्याची पिशवी, फुटली तरी ते पाणी अंगावरूनच जातं! एका बाईंनी मला फोनवर ‘जरा अंगावरून जातंय’ एवढंच सांगितलं. मी ‘पांढरंच ना’ म्हणून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा परकर पोटरीपर्यंत भिजलेला होता. चूक माझी होती. त्या दिवसापासून मी आधी विचारायचे, काय जातंय? पांढरं, चिकट, पाणी की लाल? तूही फोनवर असंच सांग. लाजू नकोस.

आधी पांढरं. दिवस राहिले की इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक वाढतं, योनीकडे आणि गर्भपिशवीच्या तोंडाकडे रक्त जास्त जातं, तिथलं पाझरणं वाढतं. पातळ, दुधट, फारसा वास नाही, खाज नाही, तर ते जाऊ दे. दिवस भरत येतात तसं ते आणखी वाढतं. तिथे लॅक्टोबॅसिलस नावाचे जंतू असतात, दह्यातल्या जंतूंचे भाऊबंद. ते आम्ल तयार करून बाहेरच्या जंतूंना थोपवतात. हाडांचा यात काडीचा संबंध नाही. सासूबाईंवर रागावू नकोस, त्यांनाही कुणीतरी असंच सांगितलं असणार. धुवण आवडत असेल तर पी. तुरटी मात्र बंद, डेटॉल बंद आणि मेडिकलमधली ती सुगंधी बाटलीही बंद, कारण त्याने राखणदार जंतूच मरतात. साधं पाणी, फक्त बाहेरून, आणि पुसायचं ते पुढून मागे. आतले कपडे सुती आणि सैल, पॅड ओला झाला की बदलायचा.

तुझी खाज मात्र पांढऱ्याच्या खात्यात बसत नव्हती. फाटलेल्या दुधासारखा चोथा, खाज, लघवीला गेल्यावर आग, ही बुरशी. गरोदरपणात ती सहज होते, रक्तातली साखर वाढली असेल तर जास्तच, म्हणून साखरही तपासून घ्यायची. तुला क्लोट्रिमॅझोलच्या आत ठेवायच्या गोळ्या दिल्या आहेत, त्या सांगितल्या तितक्या रात्री पूर्ण कर. दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून डबी कपाटात ठेवू नकोस. आणि मेडिकलवाला ‘एकच गोळी घ्या, काम होईल’ म्हणून फ्लुकोनॅझोल पुढे करेल, ती पोटुशीने आपल्या मनाने घ्यायची नाही. करडं, माशासारख्या वासाचं किंवा पिवळं-हिरवं, फेसाळ जात असेल तर तो वेगळा संसर्ग. त्याचं औषध वेगळं, आणि तो अंगावर काढू नये.

आता जाऊबाईंचा गोळा. पिशवीच्या तोंडाशी नऊ महिने एक चिकट बूच असतं. तोंड मऊ पडून उघडायला लागलं की ते सुटतं, कधी अख्खं, कधी थोडंथोडं, कुणाला कळतही नाही. शेंबडासारखं, कधी गुलाबी किंवा तपकिरी रेघा असलेलं. डॉक्टर त्याला ‘शो’ म्हणतात. त्यानंतर काही तासांत कळा येतील, नाहीतर दोन आठवडेही जातील. म्हणून त्यांना घरी पाठवलं. पण त्या गेल्या यात चुकलं काय? पहिलटकरणीने रात्री दोनला उठून विचारायचं नाही तर कुणी विचारायचं? बोलणी खाण्यासारखं त्यात काही नाही, हे घरात माझ्या नावाने सांग. मात्र हाच गोळा ३७ आठवड्यांच्या आत पडला, तर वेळ न पाहता निघायचं.

पाणी हे सगळ्यात फसवं. सिनेमात भळ्ळकन सांडतं आणि लगेच कळा सुरू होतात. प्रत्यक्षात दिवस भरलेल्या शंभरातल्या साधारण आठ-दहा जणींचंच पाणी कळांच्या आधी जातं, आणि पुष्कळदा ते नुसतं झिरपत राहतं. शिंकल्यावर, हसल्यावर जाते ती बहुधा लघवी, कारण बाळाचं डोकं मूत्राशयावर दाबतं. लघवीला तिचा वास असतो आणि ती थोडी आवरता येते, पाणी आवरत नाही. शंका आली तर लघवी करून ये, स्वच्छ सुती घडी लाव, अर्धा तास कुशीवर पड, मग उठून खोक. घडी पुन्हा भिजली तर पाणी समज. भिजली नाही आणि तरी मन मानत नसेल, तरी जा. तिथे आत उपकरण घालून बघतात, कधी लिटमससारख्या कागदावर घेतात. योनी आम्लधर्मी, पाणी तसं नाही, म्हणून कागद निळा होतो. दोन मिनिटांचं काम.

पाणी गेलं असेल तर कळा नसल्या तरी निघायचं, कारण वेळ जाईल तसा जंतू वर चढायचा धोका वाढतो. रंग बघ. स्वच्छ किंवा फिकट पिवळसर ठीक, हिरवट किंवा तपकिरी असेल तर बाळाने आत शी केलेली असू शकते, मग आंघोळ-वेणीत वेळ घालवायचा नाही. नाळेसारखं काही बाहेर आल्याचं जाणवलं तर ते आत ढकलायचं नाही, गुडघ्यांवर ओणवं होऊन १०८ लावायचा.

लाल म्हणजे पाळीसारखं रक्त, दुखो वा न दुखो, थेट दवाखाना. बाळ हालत नाहीसं वाटलं तरी तेच.

राहिलं विसर्जन. लक्ष्मी, केळकर, कुमठेकर, टिळक, चारही रस्ते मिरवणुकीचे, आणि मिरवणूक दुसऱ्या दिवशीही संपता संपत नाही. पुणेकर रुग्णवाहिकेला वाट करून देतात हे मी डोळ्यांनी पाहिलंय, पण तुझ्या नवऱ्याच्या स्कूटरला कोण देणार? तुझं माहेर वारज्याला, दवाखाना कर्वे रोडला, दोन्ही नदीपलीकडे. चतुर्दशीच्या आठ दिवस आधीच माहेरी जा. पिशवीत फाईल, साखरेचा रिपोर्ट आणि चार पांढऱ्या सुती घड्या टाक. रंगीत घडीवर काही दिसत नाही.